मेंदूतले पाणी नळीने काढतात, म्हणजे नेमके काय करतात?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर डॉक्टर येतात आणि सांगतात, "पेशंटच्या मेंदूत पाणी साठलंय, नळी टाकून काढावं लागेल, इथं सही करा." सही कोणी करायची यावर मग खानदानाची बैठक बसते. मोठे मामू गावाहून निघालेत, ते येईपर्यंत थांबू, असे एकजण म्हणतो. मेंदूला हात लावला की माणूस कामातून गेला, असे दुसरा म्हणतो. खाला म्हणतात, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. यात तीन-चार तास निघून जातात, आणि या आजारात तीन-चार तासांत पुष्कळ काही बिघडू शकते. म्हणून हा विषय इथे सविस्तर घेतो आहोत. आम्ही पेशाने शिक्षक, डॉक्टर नव्हे. त्यामुळे कोणत्या पेशंटला काय करावे, औषध किती द्यावे, हे या लेखात सापडणार नाही. पण सही करताना आपण कशाला होकार देतोय, एवढे तरी घरच्यांना कळायला हवे.

हे पाणी येते कुठून?

पहिला गैरसमज असा की हे पाणी बाहेरून डोक्यात शिरते. न्हाताना कानात गेले, पावसात भिजून मुरले, वगैरे. तसे काही होत नाही. हे पाणी प्रत्येकाच्या मेंदूत जन्मापासून असतेच. मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. दोन मोठ्या, डाव्या-उजव्या भागात शिंगांसारख्या वळलेल्या. तिसरी मधोमध, चपटी. चौथी मागे, मानेच्या वरच्या बाजूला. या पोकळ्यांत रक्तवाहिन्यांचे बारीक झुबके असतात, ते रक्तापासून स्वच्छ पाणी तयार करतात. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसात दिवसाला साधारण ५०० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीइतके पाणी तयार होते. पण एका वेळी आत असते फक्त १५० मिलीच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळे पाणी बदलते.

बदलते कसे? वरच्या दोन पोकळ्यांतून ते तिसरीत येते, तिथून एका अगदी अरुंद बोळातून चौथीत उतरते, मग बाहेर पडून मेंदूच्या आणि मणक्याच्या भोवती फिरते आणि शेवटी डोक्याच्या माथ्याजवळ रक्तात शोषले जाते. या पाण्यात मेंदू तरंगतो. सुमारे चौदाशे ग्रॅमचा मेंदू त्यात जेमतेम ५० ग्रॅमचा असल्यासारखा हलका होतो, म्हणून तो स्वतःच्याच वजनाने खाली दबत नाही.

आता समजा, तो अरुंद बोळ बंद झाला, किंवा माथ्याजवळ पाणी शोषले जाईना. तयार होणे मात्र थांबत नाही. वरचा नळ चालू आणि मोरीचे भोक बुजलेले, अशी गत होते. पोकळ्या फुगतात आणि आतून मेंदूला दाबू लागतात. याला मराठीत जलशीर्ष म्हणतात, डॉक्टर हायड्रोकेफॅलस म्हणतात. अरबीत याचे नाव इस्तिस्का-उर-रास. पाऊस पडावा म्हणून जी नमाज-ए-इस्तिस्का पढतात त्यातलाच हा शब्द, पाणी मागण्याचा. वैद्यकात तो अंगात पाणी साठण्याच्या दुखण्याला लागला.

मोठ्या माणसाची कवटी म्हणजे बंद पेटी. आत तीनच गोष्टी आहेत: मेंदू, रक्त आणि हे पाणी. एक वाढली तर दुसरीला जागा सोडावी लागते. हा नियम एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये मांडला, पुढे जॉर्ज केली यांनी त्याला आधार दिला, आणि आजही न्यूरोसर्जरीचा सगळा विचार त्यावरच चालतो. पाणी वाढले की सुरुवातीला थोडे रक्त बाजूला सरकते, थोडे पाणी मणक्याकडे जाते. ती सोय संपली की मग दाब एकदम चढतो. म्हणून सकाळी बोलत असलेला पेशंट दुपारी बेशुद्ध झाला, असे घडते. "आत्ता तर बरा होता," हे घरच्यांचे म्हणणे खरेच असते. डॉक्टरांची घाईही खरी असते.

कोणाला होते, आणि ओळखायचे कसे?

तान्ह्या बाळांत हे जन्मतःच असू शकते. कधी तो अरुंद बोळ घडतानाच चिंचोळा राहिलेला असतो, कधी पाठीच्या मणक्यावर उघडी गाठ असते, म्हणजे स्पायना बिफिडा, आणि तिच्याबरोबर डोक्यातही पाणी वाढते. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन मार्ग बुजतो. मोठ्या वयात ब्रेन हॅमरेज, मेंदूतली गाठ, डोक्याला मार, मेंदूज्वर ही कारणे. आपल्या देशात यात टीबीचे नाव ठळक घ्यावे लागते. त्याबद्दल पुढे लिहितो.

बाळाची कवटी अजून जुळलेली नसते, म्हणून दाब वाढण्याऐवजी डोकेच वाढते. टाळू फुगलेली आणि ताठ लागते, कपाळावरच्या शिरा उठून दिसतात, डोळ्यांची बुबुळे खाली वळलेली राहतात, जणू सूर्य बुडताना दिसावा तशी. बाळ चिडचिडे होते, दूध उलटते, किंवा नुसते झोपून राहते. इथे आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. अशा बाळाला नजर लागली, साया पडला म्हणून महिना-महिना इकडून तिकडे फिरवले जाते. दुआ जरूर करावी, पण दर महिन्याला डोक्याचा घेर टेपने मोजून घ्यावा. आरोग्य केंद्रात हे काम पाच मिनिटांत होते. घेर नेहमीपेक्षा भराभर वाढत असेल तर टाळूमधूनच सोनोग्राफी करता येते. तिला सुई लागत नाही, बाळाला दुखत नाही.

मोठ्यांमध्ये सकाळी उठताना डोके जास्त दुखणे, मळमळ नसताना अचानक उलटी, एकाचे दोन दिसणे, वाढती गुंगी, ही खूण. गुंगी हा शब्द लक्षात ठेवा. डोकेदुखीचा पेशंट "आता शांत झोपलाय" म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि तो खरे तर बेशुद्धीकडे जात असतो. हाक मारून, हलवून नीट जाग येत नसेल तर ती झोप नव्हे.

ईव्हीडी: बाहेर काढलेली नळी

तातडीच्या वेळी जी नळी टाकतात तिला एक्सटर्नल व्हेंट्रिक्युलर ड्रेन, थोडक्यात ईव्हीडी म्हणतात. न्यूरोसर्जरीत वारंवार होणारे हे काम आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये करतात, गरज पडली तर आयसीयूच्या पलंगावरही.

जागा बहुतेक उजव्या बाजूची, कपाळाच्या वर, केस सुरू होतात त्याच्या थोडे मागे. नाकाच्या मुळापासून वर साधारण ११ सेंटिमीटर आणि मधल्या रेषेपासून अडीच-तीन सेंटिमीटर बाजूला. ही जागा स्विस सर्जन थिओडोर कोखर यांच्या नावाने ओळखली जाते. ती निवडण्याचे कारण असे की हातपाय हलवणारा मेंदूचा भाग तिच्या मागे राहतो, आणि बहुतेकांच्या बोलण्याचे केंद्र डाव्या बाजूला असते. म्हणजे "नळी टाकली की लकवा होतो, वाचा जाते" ही जी भीती आहे, ती टाळण्यासाठीच ही वाट शोधलेली आहे. तेवढ्या जागेचे केस काढतात, छोटा छेद देऊन कवटीला पेन्सिलीएवढे भोक पाडतात आणि मऊ सिलिकॉनची बारीक नळी साधारण सहा सेंटिमीटर आत सरकवतात. ती पोकळीत पोचली की पाणी आपोआप बाहेर येते. मग नळीचे बाहेरचे टोक त्वचेखालून काही अंतर फिरवून वेगळ्या ठिकाणी बाहेर काढतात, जेणेकरून जंतूंना सरळ वाट मिळू नये. मेंदूच्या गाभ्याला स्वतःची वेदना नसते. दुखते ते त्वचेला आणि वरच्या आवरणाला, तिथे भूल देतात.

धोके आहेत, ते लपवायचे कारण नाही. नळीच्या वाटेवर थोडे रक्त येऊ शकते, बहुधा किरकोळ, क्वचित गंभीर. नळी गुठळीने बंद पडू शकते. सगळ्यात मोठी काळजी जंतुसंसर्गाची. जितके दिवस नळी, तितका धोका जास्त. म्हणून ही नळी कायमची नसते, साधारण आठवडा-दोन आठवड्यांचे काम असते.

पलंगाशेजारी स्टँडवर एक मोजपट्टी आणि तिच्यावर पारदर्शक नळकांडे लावलेले दिसते. तिथे काय चालले आहे हे घरच्यांनी समजून घ्यायलाच हवे. पेशंटच्या कानाच्या भोकाची उंची म्हणजे शून्य. तिथून वर डॉक्टर सांगतील तितक्या उंचीवर, समजा १० किंवा १५ सेंटिमीटरवर, ते नळकांडे बांधतात. आतला दाब तेवढी उंची चढण्याइतका असेल तरच पाण्याचा थेंब पडतो, नाहीतर थांबतो. छतावरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो ना, तीच युक्ती. नर्स तासातासाला किती मिली आले ते लिहिते.

आता विचार करा. चाचा भेटायला आले, पेशंटला बरे वाटावे म्हणून पलंगाचा हँडल फिरवून डोक्याची बाजू उंच केली. डोके वर गेले, नळकांडे आहे तिथेच. आता तेच नळकांडे डोक्याच्या मानाने खाली आले, आणि पाणी धो-धो वाहू लागले. एकदम जास्त पाणी गेले तर मेंदू आक्रसतो, त्याच्या वरच्या शिरा ताणून फाटतात, रक्त साठते. उलट पलंग खाली केला तर पाणी यायचेच थांबते आणि दाब वाढतो. म्हणून पलंग हलवायचा, कुशीवर वळवायचे, उठवून बसवायचे, तर आधी नर्सला बोलवायचे. ती नळीचा खटका बंद करते, पेशंटला हलवते, उंची पुन्हा जुळवते आणि मग खटका उघडते. एवढे एक पाळले तरी घरच्यांनी खूप केले. पेशंट गुंगीत नळीकडे हात नेत असेल तर तो हात धरून बसणे, हे दुसरे काम.

पाण्याचा रंगही बोलतो. निरोगी पाणी नळाच्या पाण्यासारखे नितळ. हॅमरेजनंतर लालसर येते आणि दिवसागणिक फिके होत गेले तर चांगले. गढूळ झाले, त्यात ताप आला, तर संसर्गाची शंका. एकाएकी लालभडक झाले किंवा थेंबच पडेनासा झाला तर लगेच सांगावे.

काही दिवसांनी डॉक्टर नळकांडे हळूहळू वर चढवतात, मग खटका बंद करून एखादा दिवस पाहतात. पेशंट शुद्धीत राहिला, स्कॅनमध्ये पोकळ्या फुगल्या नाहीत, तर नळी काढतात. नाही जमले तर कायमच्या सोयीचा विचार होतो. "नळी बंद केली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले," असा अर्थ काही जण काढतात. ती खरे तर परीक्षा असते, मेंदू स्वतःचे पाणी स्वतः सांभाळतो का याची.

एक प्रश्न नेहमी येतो: डोक्याला भोक पाडण्यापेक्षा पाठीतून सुई घालून पाणी काढा ना! काही आजारांत तसे काढतातही. पण मेंदूतला मार्ग मध्येच बंद असेल आणि खालून पाणी ओढले, तर वरचा दाब मेंदूला खाली खेचतो, आणि श्वास चालवणारा भागच दाबला जातो. म्हणून आधी सीटी स्कॅन, मग निर्णय.

टीबीची वेगळी गोष्ट

टीबीच्या मेंदूज्वरात मेंदूच्या तळाशी घट्ट चिकट स्राव साठतो आणि पाण्याच्या वाटा बुजतात. दोन-तीन आठवडे बारीक ताप, भूक नाही, मूल खेळत नाही, मग डोकेदुखी आणि उलट्या, अशी ही संथ चाल असते, त्यामुळे टायफॉइड किंवा पित्त समजून वेळ जातो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये अशा पेशंटचा बरीच वर्षे पाठपुरावा करून चार पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर पेशंट पूर्ण शुद्धीत, चौथ्या पायरीवर खोल बेशुद्ध. शुद्धीत असताना पाणी काढले त्यांचे बरे चालले, खोल बेशुद्धीत पोचलेल्यांचा निकाल फार वाईट निघाला. फार बिघडलेल्या पेशंटमध्ये आधी ईव्हीडी टाकून फरक पडतो का ते पाहावे आणि मग पुढचे ठरवावे, असा सल्लाही त्यातून आला. पुढच्या डॉक्टरांनी यात कमी-जास्त केले आहे, पण वेल्लोरच्या पायऱ्या आजही वापरात आहेत.

टीबीच्या गोळ्यांचा कोर्स मात्र नळी टाकली तरी पूर्णच करावा लागतो. नळीने दाब उतरतो, जंतू मरत नाहीत. घरात कोणाला फुफ्फुसाचा टीबी निघाला तर घरातल्या लहान मुलांची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. जन्मल्यावर दिली जाणारी बीसीजीची लस बाळाला नेमके या मेंदूच्या टीबीपासून वाचवायला उपयोगी पडते.

हजार वर्षांची धडपड

अंदलुसियातल्या कुर्तुबा शहराजवळचे अबुल कासिम अल-जहरावी (९३६ ते १०१३) यांनी तीस भागांचा 'किताब अत-तसरीफ' लिहिला. त्यातल्या शस्त्रक्रियेच्या भागात बाळांच्या डोक्यात साठणाऱ्या पाण्याचे आणि चिरा देऊन ते काढण्याचे वर्णन आहे. पाणी मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत साठते हे त्या काळी उमगले नव्हते, ते सोळाव्या शतकात व्हेसेलियस यांनी शवविच्छेदनातून दाखवले. पोकळीत नळी घालून पाणी काढल्याची पहिली लेखी नोंद फ्रान्सच्या क्लोद-निकोला ल का यांची, १७४४ सालची. जंतूंची काळजी घेऊन हे काम १८८१ मध्ये जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी केले. पण पाणी बाहेर काढत राहणे म्हणजे मूल कायम दवाखान्यात. शरीराच्या आतच दुसरीकडे ते सोडता येईल का, हा प्रश्न होता. नळी टाकता येत होती, अडत होते झडपेवर. पाणी एकाच दिशेने जावे, ठरावीक दाबालाच जावे, आणि झडप वर्षानुवर्षे गुठळीने बंद पडू नये.

हा पेच सोडवण्यात एका बापाचा मोठा हात आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाजवळ जॉन होल्टर नावाचे कारागीर कुलुपांच्या कारखान्यात कामाला होते. १९५५ मध्ये त्यांना मुलगा झाला, केसी, स्पायना बिफिडा आणि डोक्यात पाणी घेऊन. सर्जन युजीन स्पिट्झ यांनी अडचण समजावून सांगितली, आणि होल्टर यांनी सिलिकॉनची, बारीक चिरेची झडप बनवली. १९५६ पासून ती वापरात आली. केसी पाच वर्षांचा असताना वारला, पण त्या झडपेने नंतर असंख्य मुलांना जगवले. दुसरा बाप लेखक रोआल्ड डाल. त्यांच्या चार महिन्यांच्या थिओला १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीची धडक बसली, डोक्यात पाणी साठू लागले, शंट पुन्हा पुन्हा बंद पडू लागला. डाल यांनी स्टॅनली वेड या इंजिनिअर मित्राला आणि सर्जन केनेथ टिल यांना एकत्र आणले, आणि १९६२ पर्यंत नवी झडप तयार झाली. तोवर थिओला तिची गरज उरली नव्हती. तिघांनीही तिच्यावर नफा घेतला नाही.

शंट: आतल्या आत सोय

कायमची नळी म्हणजे शंट. सगळ्यात जास्त चालतो तो व्हीपी शंट. एक टोक मेंदूच्या पोकळीत, मध्ये कानामागे त्वचेखाली झडप, तिथून नळी मानेतून आणि छातीवरून त्वचेखालूनच पोटात. पाणी पोटाच्या पोकळीत पडते आणि तिथल्या अस्तरातून रक्तात जाते. लघवीतून निघत नाही, पोट फुगत नाही. बाळाला बसवताना पोटात नळी थोडी जास्तच सोडतात, म्हणजे उंची वाढली तरी पुरेल. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त कानामागे बोट फिरवले तर छोटा उंचवटा लागतो.

शंटबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की तो बिघडतो. लहान मुलांत पहिल्या दोन वर्षांत जवळपास निम्मे शंट कधी ना कधी बंद पडतात किंवा दुरुस्तीला येतात. हे डॉक्टरचे पाप नाही आणि आईच्या हयगयीचे फळही नाही. शरीरात ठेवलेल्या नळीचा तो स्वभावच आहे. पण म्हणूनच "एकदा ऑपरेशन झालं, सुटलो" असे धरून चालत नाही. पुन्हा सकाळची डोकेदुखी, उलटी, गुंगी, फिट, बाळाची टाळू ताठ होणे, किंवा ताप आणि नळीच्या वाटेवर लाली दिसली, तर रविवार असो की ईद, ज्या दवाखान्यात न्यूरोसर्जन आहे तिथेच जायचे. संसर्गाचा धोका पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो.

आमच्या शिक्षक बंधु-भगिनींसाठी एक गोष्ट इथेच लिहितो. वर्गात शंट असलेले मूल असेल तर त्याने खेळावे, पळावे, कवायत करावी. बॉक्सिंगसारखे डोक्यावर मार बसणारे खेळ तेवढे नकोत. पण तेच मूल अचानक पहिल्या तासाला पेंगायला लागले, अक्षर बिघडले, येणारी गणिते चुकायला लागली, तर त्याला रागावण्याआधी घरी फोन करावा. शंट बंद पडण्याची सुरुवात कधी कधी वहीत आधी दिसते. पालकांनीही मुलाच्या शंटची गोष्ट शाळेपासून लपवू नये. पुढे रिश्त्याला अडचण येईल म्हणून लपवतात, विशेषतः मुलींच्या बाबतीत. वर्गात बेशुद्ध पडली आणि शाळेला काहीच माहीत नसेल, तर ती अडचण रिश्त्यापेक्षा मोठी. शंट असलेल्या बायका शिकतात, नोकरी करतात, आई होतात. गरोदरपणात सर्जनचा सल्ला घ्यायचा, इतकेच.

किमतीचाही सवाल असतो. महाग परदेशी शंट बसवला नाही म्हणून काही आई-बाप स्वतःला दोष देतात. त्यांच्यासाठी ही माहिती. उत्तर प्रदेशातल्या शाहजहाँपूरला बनणारा छाब्रा शंट आणि एक नामांकित परदेशी शंट यांची तुलना बेंजामिन वॉर्फ या सर्जनने युगांडातल्या १९५ मुलांमध्ये केली. २००५ मध्ये निकाल छापून आला. एकाची किंमत ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५० डॉलर. वर्षभरानंतर दोन्हींच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही.

बाहेरून चुंबकाने दाब बदलता येतो असेही शंट मिळतात. तसा असेल तर जोराच्या चुंबकाची खेळणी डोक्याजवळ नकोत, आणि एमआरआय झाल्यावर झडपेची सेटिंग तपासून घ्यायची.

नळीशिवाय मार्ग आहे का?

काहींसाठी आहे. दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला छोटे भोक पाडतात, म्हणजे बंद बोळाला वळसा घालून पाणी बाहेर जाते. याला ईटीव्ही म्हणतात. बोस्टनमध्ये विल्यम मिक्सटर यांनी १९२३ मध्ये दुर्बिणीने हे पहिल्यांदा केले. तो अरुंद बोळ बंद असेल आणि मूल वर्षावरचे असेल तर हे चांगले जमते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात यश कमी. पण युगांडातच वॉर्फ यांनी याला पाणी तयार करणारे झुबके जाळण्याची जोड दिली. २०१७ मध्ये तिथल्या १०० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एका वर्षानंतर शंटवाली आणि दुर्बिणवाली बाळे बुद्धीच्या वाढीत सारखीच निघाली. कोणते करायचे हे स्कॅन पाहून सर्जनने ठरवायचे. आपण मात्र "ईटीव्ही चालेल का?" हे विचारावे, त्यात संकोच कसला? गोळ्यांनी हे पाणी कायमचे सुकवता येत नाही. काही औषधे थोडा वेळ काढून देतात, तेवढेच.

घरातल्या बुजुर्गांसाठी

साठीनंतरचा एक प्रकार वेगळा आहे आणि तो बहुतेक घरांत ओळखलाच जात नाही. दादाजान पाय जमिनीला चिकटल्यासारखे टाकू लागतात, लघवीवर ताबा राहत नाही, विसरायला लागतात. सगळे म्हणतात, वय झाले. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर मेंदूत पाणी वाढले आहे का ते पाहावे. कोलंबियाचे डॉ. सालोमॉन हकीम यांनी १९६५ मध्ये हा आजार जगापुढे मांडला. त्यांचे खानदान मूळचे लेबनॉनचे, आणि आडनावच हकीम! यात दाब फारसा वाढलेला नसतो. पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढून आधी आणि नंतर चालवून पाहतात. चाल सुधारली तर शंटचा फायदा होण्याची आशा असते. चाल सगळ्यात आधी सुधारते, विसरभोळेपणा तितका नाही. म्हातारपणाच्या विसरण्यात ज्या थोड्या गोष्टींवर इलाज आहे त्यातली ही एक, म्हणून लाजेपोटी लघवीची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

नमाज, रोजा आणि पुढचे मूल

ईव्हीडी असताना उठणे-वाकणे नाहीच. आजाऱ्याला बसून, पडून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहे, ती घ्यावी. शंटची जखम भरल्यावर बहुतेकांना सजदा करायला हरकत नसते, पण पहिल्या भेटीत सर्जनला थेट विचारावे, वाकून दाखवावे. त्यांना सजदा म्हणजे काय हे माहीत असेलच असे नाही. रोज्याचे त्या-त्या पेशंटच्या औषधांवर ठरते.

स्पायना बिफिडा टाळण्यासाठी फॉलिक अॅसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून सुरू हवी, कारण बाळाच्या मणक्याची नळी गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. बाईला दिवस गेल्याचे कळेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. एक मूल असे झाले असेल तर पुढच्या वेळी डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टरच लिहून देतील. एकाच खानदानात पुन्हा पुन्हा अशी बाळे होत असतील, विशेषतः मुलगे, किंवा नवरा-बायको जवळच्या नात्यातले असतील, तर जनुकीय सल्ला घ्यावा. हे सुनेवर बोट ठेवण्यासाठी नाही. बाळाच्या डोक्यात पाणी का झाले, याची उत्तरे वर इतकी दिली आहेत, त्यात "हिचा पायगुण" कुठेच नाही.

खर्च आणि कागद

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि तिच्यात न्यूरोसर्जरी येते. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आधी त्याला गाठा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, आणि ईव्हीडी, शंट, नंतरची दुरुस्ती यातले काय बसते हे दाखल होतानाच विचारून घ्या. अंगणवाडीतल्या किंवा शाळेतल्या मुलासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

डिस्चार्जच्या वेळी शंटच्या खोक्यावरचे स्टिकर मागून फाइलला चिकटवा. त्यावर कंपनी, झडपेचा प्रकार आणि दाब लिहिलेला असतो. तब्येत चांगली असतानाचा सीटी स्कॅन फिल्म आणि सीडी दोन्ही रूपांत जपून ठेवा. प्रत्येकाच्या पोकळ्यांचा आकार मुळात वेगळा असतो, आणि पुढे रात्री-अपरात्री शंट बंद पडल्याची शंका आली तर नव्या स्कॅनशेजारी धरायला हाच जुना स्कॅन लागतो. मुलाच्या दप्तरात आणि अब्बूंच्या मोबाइलमध्ये त्या दोन्हींचा फोटो असू द्या.